जाडी

पहिल्याच आठवड्यात खारितोननं जिन्यातून ओरडून सांगितलं,
खिडकीला पुस्तकं लाव, रायसा.
दाबून बसवलेला कागद
लोखंडाला सहजासहजी वाट देत नाही.
तो तोफखान्यातून निवृत्त झालेला. त्याला माहीत असणार.

मग मी टेप घेऊन वालेरियानची पुस्तकं मोजायला बसले.
चाळीस वर्षं त्यांची धूळ झटकली,
ही अडगळ एक दिवस आपल्यालाच बाहेर काढील
असं त्याला जेवताना सुनावत आले.
मी ट्रॅममध्ये तिकिटं तपासणारी बाई,
माझं वाचन म्हणजे आकडा आणि तारीख.

बॉयलरची गणितं : सहा सेंटिमीटर, उत्तम.
विश्वकोशाचे अकरा खंड
(बारावा त्याच्या भावानं नेला तो नेलाच).
कुठल्याशा अधिवेशनांचे अहवाल,
पानंसुद्धा न कापलेले,
ते सगळ्यात पुढे उभे केले.
इतक्या वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडले बिचारे.
कवितांची पुस्तकं मात्र करंगळीएवढी.
त्यांना कोण विचारतो?
ती फटींत खुपसली, वारा अडवायला.

साल्तिव्कात, आठव्या मजल्यावर, मार्च महिन्यात
माझ्या खोलीत भर दुपारी रात्र झाली.

तळघरात मिरोन होता, नऊ वर्षांचा,
विझलेला फोन अजून हातात धरून.
आजी, तुमच्याकडे एखादी गोष्ट आहे का?
म्हटलं, आहे ना, पण ती भिंतीत आहे.

लिफ्ट बंद. आठ मजले चढले,
तिसऱ्या थरातून एक काढलं,
दीपगृहाचा राखणदार आणि त्याची लंगडी बकरी.
त्या जागी ओटचं पीठ ठेवायच्या आधी
फटीतून उजेडाची एक पट्टी आत आली
आणि फरशीवर पडली,
फाडून दिलेल्या तिकिटाएवढी.
मी तिच्यावरही तारीख शोधली असणार, सवयीनं.

दुपारी तळघरात एक प्रकरण वाचायचं,
अडखळत, शब्दाला बोट लावून,
आणि अंधारायच्या आत पुस्तक वर नेऊन
होतं तिथे बसवायचं.
गोष्ट हवी तशी भिंतही हवी.
माझे गुडघे दोघांनाही शिव्या घालत.

बाविसाव्या रात्री ते आलं.
काच गेली. अहवाल फाटले, दोन्ही.
सकाळी पाहिलं तर नखाएवढा तुकडा
राखणदाराच्या गोष्टीत शिरलेला,
शेवटच्या पानाकडून आत,
एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत येऊन थांबलेला.
म्हणजे आम्ही वाचलं होतं तिथपर्यंत नाही.
आम्ही एकशे सत्तरवर होतो.

त्यानंतर प्रत्येक पानाला मधोमध भोक.
दोन शब्द, कधी तीन, गायब.
तिथे आलं की मी थांबायचे
आणि तळघर बोलायचं.
मिरोन दर वेळी म्हणे, बकरी.
बकरी कुठल्याच पानावर मरता कामा नये म्हणून.
खारितोन म्हणे, वारा. दुसरं काय असणार समुद्रावर?
त्या कोपऱ्यातली झोरियाना,
आल्यापासून एक अक्षर न बोललेली,
दोनशे पाचव्या पानावर म्हणाली, मीठ.
कुणी वळून पाहिलं नाही. मी पुढे वाचत राहिले,
आवाज जरा फाटला तेवढंच.

दोनशे एकोणिसाव्यावर पेन्सिलीची रेघ होती.
वालेरियानचीच. तो पट्टी लावून ओढायचा.
रेघ भोकापर्यंत सरळ आली,
भोकाच्या पलीकडून सरळ निघून गेली.
त्याला नेमकं काय आवडलं होतं
ते आता त्या तुकड्यालाच ठाऊक.
तुकडा मी बटणांच्या डब्यात ठेवलाय.

आता खिडकीला प्लायवूड आहे.
पुस्तकं कपाटात गेली,
पण विषयानं लावायची तर विषय मला कुठे कळतात?
जाडीनं लावली.
कवितांची तेवढी अजून फटींतच आहेत.
वारा काही थांबलेला नाही.